वकील व्हायचंय, तर अकरावीला कोणते विषय घ्यावेत?

दहावीचा निकाल लागला की पुढचे पंधरा दिवस कोर्टाच्या आवारात मला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकू येतो. पक्षकार तारखेला आलेला असतो, सोबत मुलगी किंवा भाचा असतो. कामाचं बोलून झालं की तो आवाज खाली आणून विचारतो, "मॅडम, हिला लॉ करायचंय म्हणते. सायन्स घेऊ की आर्ट्स?" उभ्या उभ्या दिलेलं उत्तर पुरत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. वीस वर्षं जिल्हा न्यायालयात वकिली करताना हाताखाली येऊन गेलेल्या ज्युनिअर मुलामुलींकडे पाहून जे कळलं, ते यात आहे.

पहिलं पाऊल : नियम काय सांगतो ते वाचा

कायद्याची पदवी दोन वाटांनी मिळते. बारावीनंतर पाच वर्षांची, किंवा कोणतीही पदवी घेऊन मग तीन वर्षांची. दोन्हींची पात्रता बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या देशपातळीवरच्या नियामक संस्थेच्या २००८ च्या कायदेशिक्षण नियमांनी ठरते. त्या नियमांत शाखेची अट नाही आणि एकाही विषयाची सक्ती नाही. कला, वाणिज्य, विज्ञान, तिन्ही शाखांची दारं उघडी आहेत. अट आहे ती टक्क्यांची : खुल्या प्रवर्गाला ४५, इतर मागास प्रवर्गाला ४२, अनुसूचित जाती-जमातींना ४०. पाच वर्षांच्या पदवीसाठी हे टक्के बारावीचे धरतात, तीन वर्षांच्या पदवीसाठी पदवी परीक्षेचे.

एक अडचण मात्र आधीच सांगून ठेवते, कारण ती फार उशिरा कळते. शाळा मध्येच सुटली, पुढे बारावी न करता पूर्वतयारी परीक्षा देऊन मुक्त विद्यापीठातून थेट पदवी घेतली, अशी पुष्कळ माणसं आपल्याकडे आहेत. नोकरीला ती पदवी चालते. कायद्याच्या प्रवेशाला बार कौन्सिलचे नियम ती मान्य करत नाहीत, कारण मधला बारावीचा टप्पा नसतो. बारावी बाहेरून किंवा दूरशिक्षणाने केलेली चालते, पण ती झालेली असावी लागते. घरात असं कोणी असेल, तर आधी त्याला बारावीला बसवा.

दुसरं पाऊल : प्रवेश परीक्षा काय विचारते ते पाहा

महाराष्ट्रात पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमाचे प्रवेश राज्य सीईटी कक्षाच्या परीक्षेतून होतात. मुंबईचं शासकीय विधी महाविद्यालय १८५५ चं, पुण्याचं आयएलएस १९२४ चं. तिथे जायचं तरी हीच परीक्षा. तिच्यात कायदेविषयक कल, सामान्यज्ञान व चालू घडामोडी, तर्क व विश्लेषण, इंग्रजी आणि थोडं गणित असतं. प्रश्नपत्रिका इंग्रजीबरोबर मराठीतही मिळते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. मराठी माध्यमाच्या मुलांसाठी ही फार मोठी सोय आहे.

राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठी, म्हणजे आपल्याकडे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर, क्लॅट ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. ती फक्त इंग्रजीत होते : दोन तास, १२० प्रश्न, चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. २०२० पासून तिची धाटणी बदलली. एक मोठा उतारा देतात आणि त्यावर प्रश्न विचारतात. कायद्याच्या विभागातही नियम उताऱ्यातच दिलेला असतो. तो समजून घेऊन समोरच्या प्रसंगाला लावायचा, एवढंच काम. गणिताचे प्रश्न सगळ्यात कमी, दहा ते चौदाच्या घरात, आणि तेही दहावीच्या पातळीचे.

दोन्ही परीक्षांचा सांगावा एकच आहे. भरभर पण नीट वाचणारा, आणि वाचलेल्यातून चोख निष्कर्ष काढणारा विद्यार्थी त्यांना हवा आहे. बारावीचं रसायनशास्त्र तिथे कोणी विचारत नाही, आणि सहकार-वाणिज्याच्या व्याख्याही विचारत नाही. म्हणून विषय निवडताना मी पालकांना एकच कसोटी लावायला सांगते : या विषयामुळे माझ्या मुलाला दोन वर्षं लांब लांब उतारे वाचावे लागतील का, आणि स्वतःच्या शब्दांत उत्तर मांडावं लागेल का?

तिसरं पाऊल : भाषा ठरवा, शाखा नंतर

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बहुतेक घरांत याच ठिकाणी चूक होते. अकरावीला इंग्रजी सक्तीचं असतं, त्यात निवड नाही. निवड असते दुसऱ्या भाषेची. आणि तिथे मराठी सोडून दिली जाते. कोणी सांगतं फ्रेंचला गुण पडतात, कोणी सांगतं भाषेऐवजी माहिती तंत्रज्ञान घ्या. दोन्ही सल्ले टक्के वाढवायला ठीक आहेत. वकिली महाराष्ट्रात करायची असेल, तर मराठी ठेवा.

कारण सांगते. सर्वोच्च न्यायालय आणि उच्च न्यायालयं इंग्रजीत चालतात, संविधानाचं कलम ३४८ तसं सांगतं. पण तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. पोलिसांची फिर्याद मराठीत, पंचनामा मराठीत, साक्षीदाराची जबानी मराठीत. सातबारा, फेरफार, खरेदीखत, वाटणीपत्र, मृत्युपत्र, सगळं मराठीत. आणि ही मराठी घरातली नसते. "सदरहू मिळकत लिहून देणार यांचे कब्जेवहिवाटीत असून तीवर अन्य कोणाचाही बोजा नाही" हे वाक्य एका दमात समजायला सराव लागतो. त्यात "वहिवाट" (प्रत्यक्ष ताबा आणि वापर) आणि "मालकी" यांतला फरक ज्याला कळत नाही, त्याचा दावाच कच्चा राहतो.

माझ्याकडे एक ज्युनिअर आली होती. मोठ्या विद्यापीठातून उत्तम गुणांनी पास झालेली, इंग्रजी मसुदा इतका देखणा की मी तो इतरांना दाखवायची. तिला मी एका वाटपाच्या दाव्यातले फेरफार वाचायला दिले. तासाभराने ती डोळ्यांत पाणी आणून परत आली. "मॅडम, मला यातली वाक्यं सुटत नाहीयेत." दहावीनंतर तिने मराठी वाचलीच नव्हती. हुशार मुलगी, सहा महिन्यांत तिने ते भरून काढलं, पण ते सहा महिने फार कष्टाचे गेले. तेव्हापासून मी प्रत्येक पालकाला मराठीबद्दल हट्टाने सांगते.

न्यायाधीश व्हायचं स्वप्न असेल तर मराठी आणखी लागते. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदांची परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो, आणि उमेदवाराला मराठी बोलता-लिहिता येणं, तिचा इंग्रजीत अनुवाद करता येणं अपेक्षित असतं. (सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणली, तेव्हा पदवी हातात पडताच न्यायाधीश होता येईल असं गृहीत धरू नका.)

आता दुसरी बाजू. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने इंग्रजीची भीती दोन वर्षांत घालवायची असते, आणि ती जाते. बाजारातल्या जाड व्याकरणाच्या पुस्तकांपेक्षा एक साधा उपाय मी सुचवते. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये निकालपत्रं ऑनलाइन मोफत खुली केली, आणि त्यातल्या अनेक निकालांचे मराठी अनुवादही उपलब्ध आहेत. एखादा लहान निकाल घ्या. आधी मराठीत वाचा, मग तेच परिच्छेद इंग्रजीत. रोज दोन पानं, इतकंच. पहिला महिना जड जातो. तिसऱ्या महिन्यात वाक्याची रचना ओळखीची होते, आणि क्लॅटचा उतारा समोर आला की धसका बसत नाही. इंग्रजी माध्यमाच्या मुलांनी हेच उलट करावं.

संस्कृत? आवडत असेल तर जरूर घ्या. भारतरत्न पां. वा. काणे मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत होते आणि धर्मशास्त्राचे जगन्मान्य अभ्यासक होते. पण केवळ गुणांसाठी संस्कृत घेऊन पाठांतर करणार असाल, तर वकिलीच्या दृष्टीने ती दोन वर्षं रिकामी जातात.

चौथं पाऊल : तर्कशास्त्र मिळतंय का ते शोधा

आपल्या राज्य मंडळाच्या कला शाखेत तर्कशास्त्र नावाचा विषय आहे. अनेक पालकांना तो ठाऊकच नसतो, आणि सगळ्या कॉलेजांत शिकवलाही जात नाही. माझ्या मते कायद्याकडे जाणाऱ्या मुलासाठी यापेक्षा उपयोगी विषय अकरावी-बारावीत दुसरा नाही.

यात काय शिकवतात, याचं एक उदाहरण. पाऊस पडला की अंगण ओलं होतं. अंगण ओलं आहे. म्हणून पाऊस पडला. ऐकायला बरोबर वाटतं, पण अनुमान चुकलेलं आहे, कारण कोणी सडाही टाकलेला असू शकतो. हीच चूक कोर्टात रोज होते. आरोपीच्या कपड्यावर डाग आहे, खून करणाऱ्याच्या कपड्यावर डाग पडतो, म्हणून यानेच खून केला.

पुण्यातल्या एका प्रकरणावरून सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये शरद बिरधीचंद सारडा खटल्यात परिस्थितीजन्य पुराव्याची पाच सूत्रं सांगितली. त्यांना निकालपत्रातच पंचशील म्हटलं आहे. त्यांचा गाभा असा, की पुराव्याची साखळी पूर्ण हवी, आणि आरोपी दोषी असण्याखेरीज दुसरी कोणतीही शक्यता तिने शिल्लक ठेवता कामा नये. बारावीच्या मुलाने अंगणातल्या सड्याचं उदाहरण नीट पचवलं असेल, तर हा निकाल त्याला पहिल्या वाचनात कळतो. शिवाय मुंबई विद्यापीठाच्या पाच वर्षांच्या विधी अभ्यासक्रमात सुरुवातीच्या वर्षांत तर्कशास्त्र पुन्हा भेटतं, तिथेही ओझं हलकं होतं.

जवळच्या कॉलेजात हा विषय नसेल तर त्यासाठी घर सोडून लांब जाऊ नका. बालभारतीच्या संकेतस्थळावर अकरावी-बारावीची पाठ्यपुस्तकं मोफत उतरवून घेता येतात. तर्कशास्त्राचं अकरावीचं पुस्तक घ्या आणि दिवाळीच्या सुट्टीत पहिली चार प्रकरणं उदाहरणांसकट सोडवा.

पाचवं पाऊल : आता शाखा

कला शाखेत इंग्रजी, मराठी, तर्कशास्त्र, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र आणि इतिहास ही माझ्या पसंतीची मांडणी. पाच वर्षांच्या पदवीत पहिली दोन वर्षं अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, इतिहास असेच विषय कायद्याच्या जोडीने असतात, त्यामुळे पाया तयार मिळतो. राज्यशास्त्र घेतलंत तर पाठ्यपुस्तकावर थांबू नका. संविधानाची मराठी प्रत घ्या आणि कलम १२ ते ३५ स्वतः वाचा. इतिहासाचं महत्त्व सनावळीत नाही. एकाच घटनेबद्दल दोन साधनं वेगळं सांगत असतील तर कोणावर किती विश्वास ठेवायचा, हे तो विषय शिकवतो. उलटतपासणीची ती पहिली पायरी आहे. समाजशास्त्र, मानसशास्त्र यांपैकी एखादं आवडत असेल तर इतिहासाच्या जागी चालेल. भूगोलाला कमी लेखू नका. जमिनीच्या दाव्यात मोजणीचा नकाशा वाचता येणारा वकील फार थोड्यांना मिळतो.

वाणिज्य शाखेबद्दल माझं मत गेल्या काही वर्षांत पुष्कळ बदललं. पूर्वी मी सरसकट कला शाखा सुचवायची. आता धनादेश न वटल्याचे खटले, भागीदारीचे वाद, कर, दिवाळखोरी, कंपन्यांची कामं इतकी वाढली आहेत, की ताळेबंद वाचता येणं ही वकिलाची रोजची गरज झाली आहे. एखादा व्यापारी खातेउतारा समोर टाकून म्हणतो, "बघा, बाकी निघतेय." बुक-कीपिंग शिकलेला वकील जमा-नावे पाहून लगेच सांगतो की कुठली नोंद मागाहून घातलेली दिसते. कॉमर्स घेतलं तर अर्थशास्त्र आणि बुक-कीपिंग मन लावून करा. एस.पी. (सेक्रेटरियल प्रॅक्टिस, म्हणजे कंपनी चिटणिसाचं काम) की गणित असा पर्याय आला, तर कंपनी कायद्याकडे ओढा असणाऱ्याने एस.पी. घ्यावं, कारण कंपनीच्या सभा, भाग, कर्जरोखे यांची ओळख तिथे होते. आकड्यांची आवड असेल तर गणित. मराठी इथेही ठेवता येते.

विज्ञान. इथे मला स्पष्ट बोलावं लागतं. "आधी सायन्स घे, मग कुठेही जाता येतं" हा सल्ला घराघरांत दिला जातो. तो खोटा नाही, पण अपुरा आहे. दोन वर्षं भौतिक, रसायन, प्रात्यक्षिकं आणि क्लास यांत गेली, की वाचनाला वेळ उरत नाही. क्लॅट डिसेंबरात असते, बारावीची परीक्षा फेब्रुवारीत, त्याच्या आधी प्रात्यक्षिकं. लॉ पक्कं ठरलेलं असताना केवळ सुरक्षित म्हणून विज्ञान घेणं म्हणजे स्वतःच्या वाटेवर स्वतःच दगड ठेवणं.

पण विज्ञान मनापासून आवडत असेल तर ते बिनदिक्कत घ्या, त्याचं मोल कायद्यात मोठं आहे. पेटंट एजंट म्हणून नोंदणीसाठी विज्ञान, अभियांत्रिकी किंवा तंत्रज्ञानाची पदवी लागते. नुसत्या बी.ए. एलएल.बी.वर ती मिळत नाही. शवविच्छेदन अहवाल, डीएनए अहवाल, वैद्यकीय निष्काळजीपणाचे दावे, प्रदूषणाची प्रकरणं, इथे जीवशास्त्र-रसायनशास्त्र कळणाऱ्या वकिलाशी समोरच्याला जपून बोलावं लागतं. अशा मुलाने बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकी करून तीन वर्षांची एलएल.बी. करावी, हे माझं प्रामाणिक मत. घाई नाही.

शाखेवरून घरात वाद पेटलाच, तर दोन नावं आठवा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर बॅरिस्टर झाले ग्रेज इनमधून, पण कोलंबिया आणि लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधलं त्यांचं शिक्षण अर्थशास्त्राचं. माजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड पदवीला अर्थशास्त्र आणि गणित शिकले.

गणित सोडू का?

अकरावीला गणित सोडलं म्हणून कायद्याचं दार बंद होत नाही. पण दहावीपर्यंतचं गणित हाताशी असायलाच हवं, कारण ते पुढे पैशांच्या रूपाने परत येतं. मोटार अपघात दाव्याचा हिशेब बघा. ३२ वर्षांचा, स्वतःचा व्यवसाय करणारा माणूस अपघातात गेला. महिन्याची कमाई २०,००० रुपये. मागे पत्नी, दोन मुलं आणि आई. सर्वोच्च न्यायालयाच्या प्रणय सेठी निकालाप्रमाणे (२०१७) भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवायचे : २८,०००. चार जण अवलंबून, म्हणून सरला वर्मा निकालाप्रमाणे (२००९) त्याच्या स्वतःच्या खर्चापोटी एक-चतुर्थांश वजा : २१,०००. वर्षाचे २,५२,०००. या वयाला गुणक, म्हणजे वर्षाच्या रकमेला ज्याने गुणायचं तो वयानुसार ठरलेला आकडा, १६. एकूण ४०,३२,००० रुपये, आणि इतर ठरावीक रकमा वेगळ्या. यात टक्केवारी, अपूर्णांक आणि गुणाकार यांपलीकडे काही नाही. पण गुणक चुकला किंवा वाढीचे टक्के राहिले, तर एका विधवेच्या पदरातून लाखो रुपये जातात. म्हणून गणित विषय सोडा, हिशेब सोडू नका. दहावीच्या पुस्तकातली शेकडेवारी, व्याज, गुणोत्तर, सरासरी आणि आलेख वाचन दर महिन्याला एकदा फिरवून काढा.

सहावं पाऊल : अर्ज भरताना

अकरावीचे प्रवेश आता राज्यभर ऑनलाइन होतात. पसंतीक्रम भरताना मुलं कॉलेजचं नाव पाहतात, विषय पाहत नाहीत. त्याच कॉलेजात तर्कशास्त्र आहे का, मराठी आणि अर्थशास्त्र एकत्र घेता येतात का, हे कार्यालयात प्रत्यक्ष जाऊन विचारा. माहितीपुस्तिकेत छापलेला विषय शिक्षक नसल्यामुळे बंद असू शकतो. एका मुलीला मी खास तर्कशास्त्रासाठी एका कॉलेजात पाठवलं, आणि तिथे तीन वर्षं तो विषय कोणी शिकवतच नव्हतं. विषय बदलायचा झाला तर पहिल्या काही आठवड्यांतच अर्ज द्या, नंतर कार्यालय ऐकत नाही.

सीबीएसईच्या शाळेत असाल तर तिथे लीगल स्टडीज हा विषय मिळू शकतो. छान विषय आहे, कायद्याची गोडी लावतो. प्रवेशात मात्र त्याचे वेगळे गुण नाहीत, आणि विधी महाविद्यालयात सगळ्यांना पहिल्या धड्यापासूनच शिकवतात. तो मिळाला नाही म्हणून शाळा बदलायची गरज नाही.

"कॉलेजला न जाता नुसता क्लास, हजेरी आम्ही सांभाळतो" अशी जोडणी कोणी देऊ केली तर ती टाळा. वर्गात उभं राहून उत्तर देणं, वादविवाद स्पर्धा, भित्तिपत्रकात लिहिणं, हे सगळं त्यात बुडतं, आणि वकिलाच्या कामाचं नेमकं तेच असतं.

दोन वर्षांचा वेळ कसा वाटायचा

अकरावीचं पूर्ण वर्ष वाचनाला द्या. रोज एक मराठी आणि एक इंग्रजी वर्तमानपत्र, त्यातला अग्रलेख वाचून वहीत तीन ओळी : लेखकाचं म्हणणं काय, त्याने कारण काय दिलं, मला ते पटलं का. ही वही सामान्यज्ञानालाही पुरते. मेच्या सुट्टीत जुन्या प्रश्नपत्रिका हातात घ्या. जुलै-ऑगस्टपर्यंत क्लॅट द्यायची की फक्त राज्य सीईटी, हे नक्की करा, कारण क्लॅटचे अर्ज परीक्षेच्या काही महिने आधीच भरून घेतात. डिसेंबरनंतर सगळं बाजूला ठेवून बारावी. बोर्डाची परीक्षा संपली की उन्हाळ्यात होणाऱ्या सीईटीसाठी मिळालेले आठवडे सरावाला पुरतात. बारावीच्या टक्क्यांत काठावर राहू नका, पण नव्वदच्या मागे धावून सीईटीही घालवू नका.

आणि या दोन वर्षांत एकदा तरी कोर्ट पाहायला या. न्यायालयाचं काम खुलं असतं. काही संवेदनशील खटले सोडले तर कोणालाही मागच्या बाकावर बसता येतं. साधे, नीटनेटके कपडे घाला, मोबाइल बंद ठेवा, न्यायाधीश आत आले की उभे राहा. सकाळी अकराच्या सुमाराला या म्हणजे पुकारा ऐकायला मिळेल. जेवणाच्या सुट्टीनंतर थांबलात तर बहुधा एखादी उलटतपासणी दिसेल. साक्षीदार मराठीत काय बोलतो आणि कागदावर काय उतरतं, याकडे कान द्या. दिवाणी न्यायालयांना दिवाळीत आणि मे महिन्यात सुट्टी असते, तेव्हा तुमच्या सुट्टीत येऊन उपयोग नाही. गणपती आणि दिवाळी यांच्यामधला एखादा कामाचा दिवस धरा आणि एक वही सोबत आणा.